लाटांच्या गोंगाटात एक ‘डुबुक’

झुंजूमुंजू व्हायचंय. पायाखालची वाळू गार आहे आणि समुद्राची गाज एवढी, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. अशा गोंगाटात वीतभर लाकडाचा तुकडा फेकायचा आणि त्याचा आवाज माशापर्यंत पोचवायचा, हे पॉपरचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खोट्या आमिषाचं काम.

हा पॉपर जरा जवळून पाहा. शेपटीकडे निमुळता, पोटाखाली गळ, आणि तोंड वाटीसारखं खोलगट. सगळी करामत त्या वाटीत आहे. दोरीला हिसका बसला की वाटी पाणी पुढे रेटते, तुषार उडतात, मागे बुडबुड्यांची माळ राहते आणि ‘डुबुक’ असा आवाज होतो. शिकारी मासा हा आवाज ऐकतो, शिवाय अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथरही टिपतो. खालून वर पाहिलं, की उजळत्या आभाळाखाली काहीतरी काळं धडपडताना दिसतं. पॉपरच्या रंगावरून लोक तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर या वेळेला माशाला आधी दिसते ती सावली.

फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात मात्र पॉपर फुकट जातो. तिथे सगळंच पाणी खळबळतंय, आपला ‘डुबुक’ कोण ऐकणार? म्हणून आधी गळाची दांडी खाली ठेवून पाणी वाचायचं. तिकडे लाट फुटतेय तिथे वाळूचा दांडा आहे. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये गडद दिसणारा पट्टा म्हणजे खोल चर. मासे याच चरातून फिरतात. दांड्यापलीकडे पोचायचं असेल तर शेपटीत वजन असलेला पॉपर आणि नऊ ते अकरा फुटांची दांडी हवी.

दोरी ब्रेडची, म्हणजे धागे विणून केलेली, पण पुढचा वावभर तुकडा साध्या नायलॉनचा. तिथे फ्लुरोकार्बनची दोरी नको; ते पाण्यात बुडतं आणि पॉपरचं नाक खाली ओढतं.

आता लाटेकडे लक्ष द्या. लाट पॉपरला आपल्याकडे ढकलते तेव्हा दोरी ढिली पडते. रील भराभर फिरवून ती ताणलेली ठेवायची, बाकी काही करायचं नाही. लाट खालून सरकून गेली की पाणी क्षणभर सपाट होतं. तेवढ्यात एक हिसका. डुबुक. मग थांबा. तुषार खाली बसू द्या, पॉपर नुसता डुलू द्या. स्ट्राइप्ड बास हा मासा बऱ्याचदा या थांबण्यावरच भुलतो. ब्लूफिश किंवा जायंट ट्रेव्हलीचं वेगळं. त्यांना पळणारं भक्ष्य आवडतं, तिथे हात चालूच ठेवायचा.

पेन्सिल पॉपर हा याचाच सडपातळ भाऊ. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या केप कॉड कालव्याच्या परिसरात स्टॅन गिब्ज लाकडाचे लूर, म्हणजे खोटी आमिषं, बनवू लागले, आणि त्यांच्या पेन्सिल पॉपरने तिथल्या गळकऱ्यांना वेड लावलं. तो चालवताना दांडीचा बुंधा मांड्यांमध्ये धरतात, एका हाताने दांडी थरथरवतात आणि दुसऱ्याने रील सावकाश फिरवतात.

आणि मग पाणी फुटतं! डोळ्यांदेखत मासा पॉपरवर झेपावतो आणि आपला हात आपोआप वर जातो. इथेच बहुतेक मासे हुकतात. डोळ्यांवर नाही, हातावर विश्वास ठेवायचा. दांडीला वजन जाणवेपर्यंत ओढायचं नाही. घाईने ओढलेला पॉपर गळांसकट तोंडावर येतो, म्हणून चष्मा हवाच. माशाचा पहिला घाव चुकला तरी पॉपर तिथून काढू नका. पुन्हा एक डुबुक करा, तो वळून येतो.

मी तीन तोंडांचे गळ काढून एकेरी लावतो, त्यांचे उलटे काटेही पकडीने दाबून टाकतो. मासा पाण्यातच मोकळा करता येतो, त्याचा जबडा फाटत नाही.

पॉपर आता अगदी पायाशी आलाय. शेवटची लाट वाळूवर चढतेय, तिच्यामागे जेमतेम गुडघाभर पाणी. दांडी उचलू नका. या एवढ्याशा पाण्यातही मासा मागोमाग आलेला असतो.