मधल्या किमतीची स्टिक

आइस हॉकीतला जोरदार फटका संथ गतीत पाहा. स्टिकचं पातं पकला, म्हणजे रबरी चकतीला, लागायच्या आधी बर्फाला लागतंय, पकच्या चार-सहा इंच मागे. तिथे ते अडतं, वरून खेळाडूचं वजन येतं, दांडा वाकतो. तो उसळून सरळ होतो तेव्हा पक सुटतो. मैदानी हॉकीची ताठ स्टिक पाहिलेल्यांना हे विचित्र वाटेल, पण आइस हॉकीत फटक्याचा बराचसा जोर या वाकण्यातूनच येतो.

म्हणून दुकानात आधी फ्लेक्सचा आकडा बघायचा. तो दांड्यावर छापलेला असतो. समजा, तो ८५ आहे. म्हणजे दांडा एक इंच वाकवायला साधारण ८५ पौंडांचा जोर लागेल. ढोबळ हिशेब असा, की आपलं वजन पौंडांत काढायचं आणि निम्मं करायचं. ७७ किलोच्या खेळाडूला ८५ ठीक. ६० किलोच्या मुलाला हीच स्टिक दिलीत, तर ती त्याच्याच्याने धड वाकणार नाही.

आता कापणं. स्केट्स घालून उभं राहिल्यावर दांडा हनुवटीपर्यंत यावा. खुणेवर टेप गुंडाळायची आणि बारीक दात्यांच्या करवतीने टेपवरूनच कापायचं, नाहीतर कार्बनची कुसळं निघतात. तोंडावर मास्क हवाच, हा भुगा छातीत जाऊ देऊ नका. आणि ध्यानात ठेवा, दांडा आखूड झाला की ताठ होतो. दोन इंच कापले, की ८५ची स्टिक नव्वदीच्या पुढे जाते. नवखे इथेच फसतात आणि दोष स्टिकला देतात. जास्त कापावी लागणार असेल, तर मुळातच कमी फ्लेक्सची घ्या.

काट्यावर मधल्या किमतीची स्टिक साधारण ४२० ते ४७० ग्रॅम भरते, सर्वांत महागडी ४०० ग्रॅमच्या आत. कॅनडात पहिलीला दीडशे-दोनशे डॉलर पडतात, दुसरीला चारशेच्या आसपास. पन्नासेक ग्रॅमसाठी दुप्पट पैसे! आठवड्यातून एक-दोनदा गावच्या रिंकवर खेळणाऱ्याने ते घालवू नयेत.

कस लागतो तो पात्याचा. आत फोम असतो, बाहेर कार्बनचे थर. कड चिरली की पाणी आत शिरतं आणि पातं मऊ पडतं. बर्फावर आपटून ऐका: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतून सुटलंय. पात्याखालची टेपही बघा. पुढच्या टोकाकडे झिजली असेल, तर लायचा, म्हणजे पातं आणि दांडा यांच्यातल्या कोनाचा, आकडा वाढवायला हवा, ५ ऐवजी ६. टाचेकडे झिजली, तर कमी करायला हवा.

दांडा मात्र सहसा पूर्वसूचना देत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकचे घाव बसलेल्या जागी तो एकदम मोडतो. मोडली की हातातली स्टिक तिथेच टाकायची. तुकडा घेऊन खेळलात तर दोन मिनिटं बाहेर. वॉरंटी बहुधा तीसच दिवसांची असते, बिल जपून ठेवा.