पंगत कोणाच्या घरची?

(युरोपीय चित्रकलेवरील व्याख्यानमालेतील एका भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, १८ जुलै १५७३. व्हेनिस शहर. सेंट मार्कच्या बॅसिलिकाला लागून असलेल्या एका छोट्या चॅपलमध्ये धर्मन्यायालय भरलंय, आणि समोर पंचेचाळिशीचा एक माणूस उभा आहे. त्याला विचारतात, तुमचा धंदा काय? तो सांगतो, मी चित्रं काढतो, आकृत्या घडवतो. तुम्हाला इथं का बोलावलं, ठाऊक आहे? नाही. काही अंदाज? अंदाज करता येईल.

हा माणूस म्हणजे पाओलो कालियारी. वेरोना गावच्या एका पाथरवटाचा मुलगा, म्हणून जग त्याला वेरोनेसे म्हणतं. त्या काळात टिशियन आणि टिंटोरेट्टो या व्हेनिसच्या बड्या चित्रकारांच्या बरोबरीनं त्याचं नाव घेतलं जायचं. या चौकशीची प्रश्नोत्तरं कारकुनानं लिहून घेतली आणि ते कागद आजही शाबूत आहेत. आज मी मुख्यतः त्या कागदांवरच बोलणार आहे. चित्रावर बोलायला पुष्कळ लोक आहेत. चित्राला प्रश्न विचारलेत आणि त्यांची उत्तरं चित्रकारालाच द्यावी लागलीत, असा दस्तऐवज मात्र विरळा.

इन्क्विझिशन, म्हणजे हेच चर्चचं धर्मन्यायालय, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोवा येतो. तिथं ते १५६० साली सुरू झालं, म्हणजे या चौकशीच्या तेरा वर्षं आधी, आणि १८१२ साली कायमचं बंद झालं. त्याची बहुतेक दप्तरं नष्ट झाली. पण ते पोर्तुगीज राजसत्तेच्या जोरावर चालणारं न्यायालय होतं. व्हेनिसचा मामला निराळा. व्हेनिस हे प्रजासत्ताक, आणि पोपच्या माणसांना आपल्या घरात मोकळं सोडायचं नाही हा त्याचा जुना बाणा. म्हणून १५४७ पासून या न्यायालयात पोपचा वकील, व्हेनिसचा धर्मप्रमुख आणि इन्क्विझिटर, म्हणजे चौकशी करणारा धर्मगुरू, यांच्या जोडीला व्हेनिसचे तीन सरदार बसायचे. ते धर्मगुरू नव्हते, सरकारची माणसं होती. त्या वर्षी तर पोप व्हेनिसवर चांगलाच भडकलेला होता. १५७१ साली लेपांतोच्या समुद्रात पोप, स्पेन आणि व्हेनिस यांनी मिळून तुर्कांचं आरमार बुडवलं, आणि मार्च १५७३ मध्ये व्हेनिसनं कोणाला न विचारता तुर्कांशी परस्पर तह केला, सायप्रस बेटही सोडून दिलं. वेरोनेसेची चौकशी अशा वातावरणात झाली. पुढं जो निकाल लागला, तो समजून घेताना हे ध्यानात ठेवा.

आता चित्र. सान्ती जोव्हान्नी ए पाओलो हा व्हेनिसमधला डॉमिनिकन साधूंचा मोठा मठ. त्याच्या भोजनगृहात टिशियननं रंगवलेलं ख्रिस्ताचं शेवटचं भोजन, म्हणजे क्रुसावर जाण्याआधी त्यानं बारा शिष्यांबरोबर घेतलेलं जेवण, होतं. १५७१ साली ते आगीत गेलं. त्या जागी त्याच प्रसंगाचं नवं चित्र हवं होतं. मठाच्या भोजनगृहात भोजनाचंच चित्र लावायचं, ही इटलीतली जुनी रीत. लिओनार्दोचं मिलानमधलं जगप्रसिद्ध चित्रही असंच एका डॉमिनिकन मठात, साधू जेवायला बसत त्याच दालनाच्या भिंतीवर आहे. वेरोनेसेनं काम घेतलं आणि साडेपाच मीटर उंच, जवळपास तेरा मीटर रुंद असा कॅनव्हास रंगवून दिला. आज तो व्हेनिसच्याच अकादेमिया संग्रहालयात एक अख्खी भिंत अडवून बसलाय.

तीन भव्य कमानी, संगमरवरी खांब, मागे पांढरं शुभ्र शहर. मधल्या कमानीखाली ख्रिस्त. आणि त्याच्याभोवती सगळं व्हेनिस लोटलेलं! रेशमी झगे घातलेले धनिक, पगडीवाले परदेशी, काळे नोकर, मनगटावर पोपट घेतलेला एक बुटका विदूषक, जिन्यावर परशूसारख्या पात्यांचे भाले घेतलेले जर्मन शिपाई, हातात रुमाल घेतलेला एक नोकर, कारण त्याच्या नाकातून रक्त येतंय. आणि पुढं, अगदी मध्यावर, एक कुत्रा.

भांडण सुरू झालं ते या कुत्र्यावरून. वेरोनेसे न्यायालयाला सांगतो की मठाचे मुख्य माझ्याकडे आले होते. तुम्ही त्यांना म्हणे हुकूम केलात, की कुत्र्याच्या जागी मरिया मग्दालीया काढून घ्या. मी त्यांना म्हटलं, माझ्या आणि चित्राच्या इभ्रतीसाठी मी ते आणि आणखीही काही आनंदानं केलं असतं, पण मग्दालीया त्या जागी शोभेल असं मला वाटत नाही.

वरवर ही सूचना विचित्र वाटते. कुत्रा पुसा आणि एक संत स्त्री काढा, हा कसला हुकूम? पण त्यात हिशेब होता. बायबलमध्ये ख्रिस्त अनेकांच्या घरी जेवतो. शिमोन नावाच्या परुश्याच्या, म्हणजे एका कर्मठ ज्यू पंथाच्या माणसाच्या, घरी जेवत असताना एक पापी स्त्री येऊन अश्रूंनी त्याचे पाय धुते. परंपरेनं ती मग्दालीया मानली गेली. म्हणजे चित्रात मग्दालीया आली की ते शेवटचं भोजन उरत नाही, शिमोनच्या घरची मेजवानी होते. आणि मेजवानीत विदूषक असला, पोपट असला, तर कोणाचं काय बिघडतं? माझ्या मते न्यायालयानं पहिल्यापासूनच पळवाट दाखवून ठेवली होती. वेरोनेसेनं ती घेतली नाही. कारण मात्र धर्माचं दिलं नाही, मांडणीचं दिलं. ती आकृती तिथं बसत नाही, एवढंच.

पुढची प्रश्नोत्तरं ऐकण्यासारखी आहेत. इन्क्विझिटर एकेका आकृतीवर बोट ठेवत जातो. नाकातून रक्त येणारा तो माणूस कशासाठी? नोकर आहे, काहीतरी होऊन घोळणा फुटलाय. पेत्र, म्हणजे ख्रिस्ताचा पट्टशिष्य, काय करतोय? कोकराचं मांस कापतोय, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला. त्याच्या शेजारचा? पेत्र जे वाढेल ते घ्यायला ताटली धरून बसलाय. आणि तो पलीकडचा? काट्यानं दात कोरतोय. (काटा तेव्हा इटलीतल्या श्रीमंतांच्या टेबलावर रुळलेला होता, उत्तर युरोपात तो फारसा कोणाला माहीत नव्हता.) त्या भोजनाला खरोखर कोण कोण हजर होतं, असं तुम्हाला वाटतं? ख्रिस्त आणि त्याचे शिष्य. पण चित्रात जागा उरली की मी ती माझ्या कल्पनेनं आकृत्या घालून सजवतो.

चित्रात जागा उरली की! इतका प्रामाणिक कलाविचार मी फार थोड्या ठिकाणी वाचलाय. तेरा मीटर रुंदी आणि जेवायला माणसं तेरा. बाकीच्या जागेचं काय करायचं, हा धंद्यातला रोकडा प्रश्न होता.

मग विषय जर्मन शिपायांवर आला आणि तिथं वेरोनेसे म्हणतो, इथं मला वीसेक शब्द बोलावे लागतील. बोला, म्हणतात. आणि तो म्हणतो: कवी आणि वेडे जी मोकळीक घेतात, ती आम्ही चित्रकारही घेतो. हे वाक्य पुढं जगभर गाजलं. कलास्वातंत्र्यावरच्या भाषणांत त्याला हटकून मान मिळतो. पण त्याच्या पुढचं कोणी सांगत नाही. तो लगेच म्हणतो, हे दोघे, एक पितोय, एक खातोय, जिन्यापाशी आहेत, कामाला हाक मारली की धावतील असे. मला सांगण्यात आलं होतं की घराचा मालक मोठा श्रीमंत होता, तेव्हा त्याच्याकडे असे नोकर असणारच. म्हणजे वेडेपणाची मोकळीक मागून झाल्यावर पुढच्याच श्वासात तो तर्काचा आधार घेतो. घाबरलेला माणूस सापडेल तो युक्तिवाद पुढं करतो. मला तो वीरपुरुष वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त आवडतो.

जर्मन शिपाई एवढे का खुपले? इन्क्विझिटर स्वतःच सांगतो: जर्मनी आणि पाखंडानं ग्रासलेल्या इतर मुलखांत अशीच चवचाल चित्रं काढून आपल्या पवित्र चर्चची टिंगल करतात, हे तुम्हाला माहीत नाही का? यात तथ्य होतं. पोपविरुद्ध बंड करणाऱ्या ल्यूथरच्या बाजूनं चित्रकार क्रानाख यानं पोपची टर उडवणारी लाकडी ठशांची चित्रं केली होती आणि छापखान्यांमुळे ती घरोघर पोचली होती. दुसऱ्या टोकाला चित्रंच नकोत म्हणणारे लोक होते. झुरिकमधल्या चर्चांतून १५२४ साली मूर्ती आणि चित्रं उतरवली गेली. १५६६ च्या ऑगस्टमध्ये अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये जमावानं मूर्ती फोडल्या. मधल्या काळात, डिसेंबर १५६३ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं निर्णय दिला होता: चित्रं राहतील, पण त्यांत काही असभ्य, अवमानकारक किंवा दिशाभूल करणारं असता कामा नये, जबाबदारी बिशपांची. रोमन चर्चनं चित्रकलेची बाजू घेतली, ती ही अट घालून. वेरोनेसेच्या पुढ्यात बसलेले लोक चित्रद्वेष्टे नव्हते. चित्राला एवढ्या बारकाईनं वाचणारा प्रेक्षक त्याला पुन्हा मिळाला असेल की नाही, मला शंका आहे.

यावर वेरोनेसे म्हणतो, माझ्याहून थोर लोकांनी जे केलं तेच मी केलं. कोणी, काय केलं? आणि तो थेट मायकलअँजेलोचं नाव घेतो: रोममध्ये, पोपच्या चॅपलमध्ये, त्यानं ख्रिस्त, त्याची आई, संत योहान, पेत्र, सगळा स्वर्गीय दरबार उघडा रंगवलाय, आणि आदर बेतानंच ठेवलाय.

इथं थोडं थांबतो, कारण हे नाव घेणं वेरोनेसेला महागात पडलं असतं. पोपच्या त्या सिस्टीन चॅपलमधला मायकलअँजेलोचा ‘अंतिम न्याय’ १५४१ साली खुला झाला आणि तेव्हापासूनच वादात होता. पोपच्या दरबारातला व्यवस्थापक बियाजो दा चेझेना म्हणाला होता, हे चित्र चॅपलपेक्षा स्नानगृहात किंवा दारूच्या गुत्त्यात शोभेल. मायकलअँजेलोनं नरकातला न्यायाधीश मिनोस याला बियाजोचाच चेहरा दिला, वर गाढवाचे कान लावले आणि अंगाला साप वेढला. सांगतात, की बियाजो पोप तिसऱ्या पॉलकडे रडत गेला, तेव्हा पोप म्हणाला, परलोकात आणखी कुठं असतास तर काही करता आलं असतं, पण नरकात माझी सत्ता नाही. ही गोष्ट खरी असो की रचलेली, चेहरा आजही भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात खाली आहे. पण काळ बदलला. ट्रेंटच्या निर्णयानंतर, जानेवारी १५६४ मध्ये, त्या आकृत्या झाकायचं ठरलं. फेब्रुवारीत मायकलअँजेलो वारला. पुढच्या वर्षी त्याचाच चाहता डॅनिएले दा व्होल्तेरा यानं त्या देहांवर कापडं रंगवली, आणि लोकांनी त्याला ‘चड्ड्या शिवणारा’ हे नाव चिकटवलं. म्हणजे वेरोनेसे ज्याचा दाखला देत होता, त्या चित्राची दुरुस्ती आठ वर्षांपूर्वीच झाली होती!

तरीही इन्क्विझिटर मायकलअँजेलोला वाचवतो. तो म्हणतो, अंतिम न्यायाच्या वेळी अंगावर कपडे असतील असं कोणी धरत नाही, मग ते रंगवायचे कशाला? त्या चित्रात जे आहे ते सगळं आत्म्याचं आहे. तिथं विदूषक नाहीत, कुत्रे नाहीत, शस्त्रं नाहीत, असले चाळे नाहीत. मला विचाराल तर हा त्या दिवसातला सर्वांत धारदार मुद्दा आहे. नग्नता प्रसंगाला धरून आहे, पोपट नाही. याचं उत्तर वेरोनेसेकडे नव्हतं. तो एवढंच म्हणाला की मी समर्थन करत नाही, इतका विचार मी केला नव्हता, आणि विदूषक तर प्रभू बसलाय त्या जागेच्या बाहेरच आहेत.

निकाल असा: तीन महिन्यांत, स्वखर्चानं, चित्र दुरुस्त करा. वेरोनेसेनं काय केलं? कुत्रा राहिला. विदूषक राहिला, पोपट राहिला, जर्मन शिपाईही राहिले. चित्रावर लॅटिन अक्षरं आली: लेवीनं त्याच्यासाठी मोठी मेजवानी केली, लूक, अध्याय पाचवा. पंगतीचं घर बदललं, बाकी पंगत होती तशीच. आणि व्हेनिसच्या सरदारांसह त्या न्यायालयानं पुढं त्याला छेडलं नाही.

आता लूकचा पाचवा अध्याय उघडून बघा. लेवी हा जकातदार, म्हणजे लोकांच्या तिरस्काराचा धनी. तो ख्रिस्ताला जेवायला बोलावतो, घर त्याच्यासारख्याच लोकांनी भरतं, आणि परुशी येऊन शिष्यांना विचारतात: जकातदार आणि पापी यांच्याबरोबर तुम्ही जेवता कसे? ही असली माणसं इथं कशाला, हाच तो प्रश्न. ख्रिस्त त्यावर म्हणतो, वैद्याची गरज आजाऱ्यांना असते. वेरोनेसेनं किंवा मठातल्या कोणा चतुर साधूनं हा अध्याय योगायोगानं निवडला, की परुश्यांच्या जागी कोण बसतं हे जाणून, याबद्दल कागदपत्रं गप्प आहेत. मला योगायोग पटत नाही. ते चित्र बायबल रोज वाचणाऱ्या साधूंच्या मठात होतं.

वेरोनेसेचं पुढं काही बिघडलं नाही. १५७४ आणि १५७७ च्या आगींनंतर डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याची पुन्हा सजावट झाली, तेव्हा सरकारी कामं त्याच्याकडेच आली; महासभेच्या दालनाच्या छतावर ‘व्हेनिसचा जयजयकार’ त्यानंच रंगवला. १५८८ साली तो गेला. चौकशीचे कागद दप्तरात पडून राहिले, ते १८६७ साली आर्मां बाशे या फ्रेंच अभ्यासकानं छापेपर्यंत. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं लोक हे चित्र लेवीच्या घरची मेजवानी म्हणून निवांत बघत होते, आणि शेवटच्या भोजनातलं कोकरू पेत्र इथं का कापतोय असं कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.