मनुष्यबळ आणि संघटना विकासातली प्राध्यापकी : खान्देशातून जाणारी वाट

मित्रहो, 'मानव आणि संघटना विकास' या नावाचा स्वतंत्र विभाग अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबडी महाविद्यालयात आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलामुलींनी त्या नावाच्या जाहिरातीची वाट पाहू नये. आपल्याकडे हेच काम व्यवस्थापन, मानसशास्त्र, समाजकार्य आणि श्रमकल्याण या विषयांत वाटलेलं आहे. म्हणून पहिला निर्णय विषयाचा, आणि तो एम.ए. किंवा एमबीएला प्रवेश घेतानाच करायचा. पदव्युत्तर पदवी एका विषयाची, नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दुसऱ्याची आणि पीएच.डी. तिसऱ्याच विद्याशाखेची असेल, तर अर्ज छाननीतच अडकतो. 'संबंधित विषय' हे दोन शब्द तिथे फार काटेकोरपणे वाचले जातात.

नेटमध्ये व्यवस्थापनाचा संकेतांक १७ आहे; श्रमकल्याण, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाचा ५५. दोन्हींचा अभ्यासक्रम बराच सारखा वाटतो, पण ५५ मध्ये कामगार कायद्यांचं वजन मोठं आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट (तशीच राज्यस्तरीय परीक्षा), एवढी सहायक प्राध्यापकाची किमान पात्रता. १ जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. ही सवलत ऐकून पीएच.डी. लांबवू नका. विद्यापीठ विभागासाठी उमेदवारांची यादी लावताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पीएच.डी.ला ३० गुण आहेत, नेटला ५ आणि सेटला ३. एमबीए महाविद्यालयांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे २०१९ चे नियम लागतात. तिथे प्रथम श्रेणीबरोबर पदव्युत्तर पदवीनंतरचा दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागतात. एमबीए करून थेट नेटच्या मागे लागलेले विद्यार्थी नेमके इथे थांबतात.

आता तासिका तत्त्वाबद्दल, म्हणजे तासांवर मानधन घेऊन केलेल्या तात्पुरत्या (सीएचबी) सेवेबद्दल, कारण सभागृहातल्या अनेकांची वर्षं त्यात जात आहेत. आधीची तात्पुरती सेवा पदोन्नतीसाठी मोजायची तर त्या वेळी पात्रता पूर्ण हवी, नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत हवी आणि एकूण मोबदला नियमित सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नको. शेवटच्या अटीत बहुतेक सीएचबी सेवा बाद होते. वर्षानुवर्षं वर्ग सांभाळणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही अट अन्यायकारक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नियम आज असा आहे, हे धरूनच आखणी करा. दरवर्षीचा नेमणूक आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि मानधनाचा दाखला त्या त्या वर्षीच ताब्यात घ्या. प्राचार्य बदलल्यावर जुने कागद मिळवणं कठीण जातं.

नियमित पदावर सहायक प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या वेतनस्तराला, म्हणजे लेव्हल १० ला, ५७,७०० रुपये मूळ वेतन मिळतं. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी लेव्हल ११, नसेल तर सहा वर्षांनी. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव, सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण लागतात. आपल्या विद्याशाखांत एका निबंधाचे मूळ गुण १०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७ आणि बाकीच्यांना ३-३. चार नावांच्या निबंधात तिसरं नाव लावून घेणाऱ्याची यादी लांबते, गुण फारसे वाढत नाहीत.

निबंधाचा कस मात्र आकडेवारी गोळा करतानाच ठरतो. 'मला माझ्या संस्थेचा अभिमान वाटतो' हे अमेरिकी प्रश्नावलीतलं वाक्य जळगावच्या डाळमिलमधल्या हमालापुढे ठेवलं, तर संस्था म्हणजे कोण? त्याला काम देणारा मुकादम, की मिलचा शेठ? एक ते पाचच्या पट्टीवर तो निमूट 'तीन' सांगतो आणि उत्तर निरुपयोगी होतं. आधी दहा-पंधरा जणांशी अहिराणीत किंवा पावरीत, म्हणजे त्यांच्याच बोलीत, मोकळं बोला, त्यांचे शब्द घेऊन विधानं बांधा. मग दुसऱ्या माणसाकडून त्यांचं मूळ भाषेत उलट भाषांतर करून घ्या, म्हणजे अर्थ बदलला का ते कळेल.

दुसरी चूक नमुन्याची. सहा मिलमधले तीनशे कामगार घेतले आणि प्रश्न मिलच्या कार्यसंस्कृतीचा असला, तर तुमच्याकडे तुलनेला सहाच मिल आहेत. तिथे माणसं वाढवून उपयोग नाही, मिल वाढवाव्या लागतात. मालकाची परवानगी हवीच, पण प्रश्नावली पर्यवेक्षकाच्या हातून वाटू नका. कामगार घाबरून गोड उत्तरं देतो आणि सगळे गुण वरच्या टोकाला चिकटतात. समाधान आणि काम सोडण्याचा विचार एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारला, तर दोन्हींचा संबंध मुळात आहे त्याहून घट्ट दिसू शकतो. त्यामुळे हजेरीपट किंवा काम सोडल्याच्या नोंदी वेगळ्या मिळवा.

जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांवर, काम करणार असाल तर हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि पावसाळ्यात गिरणी बंद असते. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. कोर्सवर्कची, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाची, परीक्षा आणि आराखड्याची मंजुरी दिवाळीच्या आत झाली नाही, तर पूर्ण एक हंगाम हातचा जातो.