बाक्काईला गाडी थांबायची तेव्हा

हे जे लाकडी घर दिसतंय ते बाक्काई स्टेशन. जपानच्या पार उत्तर टोकाला, होक्काइडो बेटावर, वाक्कानाई शहराच्या हद्दीत. 1924 ला सुरू झालेलं. दार बघा, एक उघडलं की आत दुसरं, कारण थंडीत समुद्रावरचा वारा बर्फ घेऊन थेट आत घुसतो, म्हणून मधे एवढीशी जागा ठेवलीय, तिथं बूट आपटायचे, बर्फ झाडायचा आणि मगच बाकड्यावर जाऊन बसायचं. स्टेशनवाला एकही माणूस इथं नसायचा. माणूस नसलेलं जपानचं सगळ्यात उत्तरेकडचं स्टेशन, अशीच याची ओळख होती.

आणि ही सोया लाईनची गाडी. आसाहिकावा ते वाक्कानाई 259 किलोमीटर, पण इथं थांबायचा तो बरेचदा एकटा डिझेल डबा. बाक्काई सोडून वाक्कानाईकडे निघालं की डाव्या हाताला एकदम समुद्र, आणि त्यात हा रिशिरीचा डोंगर, 1721 मीटर, थेट पाण्यातूनच वर आलेला. हवा साफ असेल तरच दिसतो हं.

आता स्टेशन बंद कसं होतं ते ऐका. 1987 ला जपानची सरकारी रेल्वे मोडून कंपन्या केल्या, त्यातली इथली जेआर होक्काइडो. माणसं कमी, बर्फ भरपूर, त्यामुळे कंपनी कायम तोट्यात, आणि 2016 ला तिनं सांगूनच टाकलं की 1200 किलोमीटरहून जास्त मार्ग आम्हाला एकट्यानं झेपत नाहीत. स्टेशनांचा हिशोब वेगळा. 5 वर्षांच्या सरासरीत रोज 3 किंवा त्याहून कमी माणसं गाडीत चढत असतील तर कंपनी तिथल्या पालिकेला विचारते, खर्च तुम्ही उचलता का, नाहीतर आम्ही बंद करतो. आणि ही माणसं मोजतात कधी, तर नोव्हेंबरमधल्या एका कामाच्या दिवशी. उन्हाळ्यात कॅमेरे गळ्यात अडकवून लांबलांबून येणारे लोक त्यात धरलेच जात नाहीत. याला मोजणी म्हणायचं तर म्हणा.

मार्च 2021 मधे होक्काइडोत एका झटक्यात 18 स्टेशनं गेली. बाक्काई तेव्हा वाचलं, कारण गावकरी अडून बसले आणि वाक्कानाई शहरानं खर्च स्वतःकडे घेतला.

हा पत्र्याचा डबा बघून हसू नका. हे याच लाईनवरचं नुकानान, होरोनोबे गावातलं, आणि हा डबा म्हणजे वेटिंग रूम! अंगणात फावडी-घमेली ठेवायला मिळतो ना तसला तयार शेड, तोच आणून ठेवलाय. फलाट फळ्यांचा, त्यावर गाडीचा एक डबासुद्धा पुरता मावत नाही. 2016 ला हेही बंद करायचं चाललं होतं, तर होरोनोबेनं खर्च उचलला आणि वर असली आडबाजूची स्टेशनं हेच गावाचं आकर्षण म्हणून लोकांना बोलवायला लागले, नाताळात रेल्वेवेडे इथं जमून पार्टीसुद्धा करायचे.

मधे एक फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आलं असेल, एका शाळकरी मुलीसाठी जपानी रेल्वेनं अख्खं स्टेशन चालू ठेवलं वगैरे. ते स्टेशन होक्काइडोतलंच क्यू-शिराताकी, मार्च 2016 मधे बंद झालं. मुलगी खरी, तिचं शिक्षण त्याच महिन्यात संपलं हेही खरं, पण जपानमधे नवं टाइमटेबल दरवर्षी मार्चमधेच लागतं आणि स्टेशनं बंद होतात ती तेव्हाच. रेल्वेचं मोठं मन वगैरे गोष्ट नंतर चिकटवलेली. मन मोठं कुणाचं म्हणायचंच असेल तर या पालिकांचं म्हणा.

पण पालिकेचेही पैसे संपतात. वाक्कानाईनं हात काढून घेतला आणि 14 मार्च 2025 ला बाक्काईला शेवटची गाडी थांबली. गावात ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचं चाललंय, बाकीच्यांना कुणाला तरी सोबत मागावी लागते.

त्याच दिवशी हिगाशी-नेमुरोही गेलं, जपानचं सगळ्यात पूर्वेकडचं स्टेशन. तो मान आता पुढच्या नेमुरो स्टेशनकडे.