संपलेल्या पुस्तकांची वही

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या चवथीला, गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीचं सामान काढायला माळ्यावर चढलो, तर पुस्तकांची एक पेटी हाती लागली. वरच्याच पुस्तकात बसचं तिकीट खुणेला घातलेलं, पान ११२ वर. तिकिटावरचं भाडं सांगितलं तर हसाल. म्हणजे तेवढी वर्षं मी त्या पानावरच बसून होतो! आणि कुणी विचारलं की म्हणायचो, "वाचायला वेळच मिळत नाही हो."

त्याच रात्री एक वही घातली. तिच्यात फक्त वाचून संपलेली पुस्तकं लिहायची. नाव, तारीख, आणि कुठे बसून संपवलं ती जागा. सुरू केलेलं लिहायचं नाही. सुरू काय, मी डझनभर करतो.

पहिली नोंद व्हायला दीड महिना लागला. मग रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या रांगेत मोबाइल खिशातच ठेवायला लागलो. जाता-येता मिळून पंधरा-वीस पानं आरामात होतात. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचं सभासदत्वही घेतलं. संस्था १८३२ सालची, आणि मी इतकी वर्षं तिच्या जवळून कदंबाची बस गाठायला नुसता धावत होतो. तिथलं पुस्तक मुदतीत परत करावं लागतं, हे फार बरं. घरच्या पुस्तकाला मुदत नसते, म्हणून तर ते पेटीत जातं.

एक लबाडीही कबूल करतो. वहीतला आकडा फुगावा म्हणून मध्यंतरी मी साठ-सत्तर पानांची पुस्तकं उचलू लागलो. महिन्यात पाच! नंतर वही चाळली, तर त्यातल्या तिघांतलं काही म्हणजे काही आठवेना. तेव्हापासून अनुक्रमांक घालणं बंद. त्याजागी एक ओळ लिहितो, मनात जे उरलं त्याची. काहीच उरलं नसेल तर तसं लिहितो. आणि रुचलं नाही तर पन्नासाव्या पानावर सोडून देतो. आता काय परीक्षेला बसायचंय?

एक नोंद वाचून दाखवतो, त्यातला पोदेर म्हणजे आमचा पाववाला : "पहाटे, सोप्यावर. पोदेराचा भोंपू वाजला तेव्हा शेवटचं पान. रात्रभर पाऊस. बायकोची बोलणी." त्या रात्रीचा पाऊस त्या चार शब्दांमुळे अजून कानात आहे.

आणि पेटीतलं ते पुस्तक? पुन्हा पहिल्या पानापासून धरलंय. तेच तिकीट खुणेला आहे. काल रात्री १४० वर होतं.