घरगुती डब्याचा धंदा: आधी भाताचं बघा, मग फॉर्मचं

नमस्कार मंडळी! ऐरोली, घणसोली, कळवा, घोडबंदर... तुमच्यापैकी बऱ्याच जणी घरून डबे सुरू करायच्या विचारात आहात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडच्या नोंदणीचं, कसं करायचं? सांगते. पण आधी भाताबद्दल बोलू. कागद घरबसल्या होतो. माणसं आजारी पडतात ती भाताने.

सकाळी सातला कुकर उतरवला, गरम भात डब्यात दाबून भरला, झाकण लावलं, आणि माइंडस्पेसमधल्या ऑफिसात डबा उघडला दुपारी एकला. (झाकण कॅमेऱ्याजवळ धरते) आतून बघा, पाण्याचे थेंब जमलेत. म्हणजे भात सहा तास बंद, ओला आणि धड गरम ना धड गार. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्यावरही तग धरतात. भात ५ ते ६० अंशांच्या मधे तासन् तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पुष्कळदा वाससुद्धा येत नाही, म्हणून तर जास्त भीती.

मग करायचं काय? भाज्या चिरा, कणीक मळा, फोडणीची तयारी करा, हे सगळं सकाळीच. भात मात्र साडेदहाच्या आधी उतरवू नका. डबे लगेच उष्णता धरणाऱ्या पिशवीत. अन्नात खुपसायचा थर्मामीटर घ्या. भात ६० अंशांच्या वर राहतोय का, हे हाताला कळत नाही. आणि उरलेला भात? नियम म्हणतो, दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणा, पुढच्या चार तासांत ५ वर. त्यासाठी तो परातीत पातळ पसरावा लागतो. पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर मधला गोळा कितीतरी वेळ कोमटच राहतो. माझं स्पष्ट मत: कालचा भात गिऱ्हाइकाच्या डब्यात घालूच नका, फोडणी देऊनही नाही.

आता पाणी. घोडबंदर पट्ट्यात किती सोसायट्या टँकरवर आहेत, तुम्हाला माहीतच आहे. टाकी कधी धुतली, सोसायटीला विचारा. पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, अहवाल जपून ठेवा. कोशिंबीर, चटणी, ताक, म्हणजे जे शिजत नाही, त्याला उकळून गार केलेलंच पाणी.

इतका जीव जाळायचा नसेल तर फराळापासून सुरुवात करा, मी तर तेच सुचवेन. चिवडा, शंकरपाळे कोरडे असतात, टिकतात. चकली मात्र तेलामुळे खवट होते, आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तेलातली पोलर संयुगं (तेल तापून बिघडलं की बनणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायला कायद्याने बंदी आहे. घरी ही टक्केवारी सहज मोजता येत नाही, पण तेल काळपट, दाट झालं, फेस यायला लागला की ते काढून टाका. आणि तळण वर्तमानपत्रावर निथळायला ठेवायची सवय आजच सोडा, छपाईची शाई अन्नात उतरते.

नोंदणी सोपी आहे. फॉसकॉस या एफएसएसएआयच्या नोंदणी पोर्टलवर जा, छोट्या व्यवसायाचा फॉर्म ए भरा, फोटो आणि ओळखपत्र जोडा. सरकारी फी वर्षाला १०० रुपये. एजंट हजारो रुपये मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे, सरकारचे नाहीत. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. त्यांचे अधिकारी स्वयंपाकघर बघायला येऊ शकतात, तेव्हा ओटा, झाकणाची कचरापेटी आणि फ्रीज नीट असू द्या. कच्चं खाली, शिजलेलं वर.

हातात १४ आकडी नंबर आला की प्रमाणपत्र स्वयंपाकघरात दिसेल असं लावा आणि नंबर बिलावर छापा. फराळाची पाकिटं विकणार असाल तर लेबलही लागतं: घटक, वजन, बनवल्याची तारीख, हिरवं चिन्ह आणि बरंच काही. ते एकेक करून पुढच्या व्हिडिओत, खरं पाकीट हातात घेऊन दाखवते.