सांध्याचं दुखणं, पोटातली वस्ती

वेचणीचे दिवस. कमरेला ओटी बांधून बाया कपाशीत शिरल्यात. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबवून भागत नाही. फुटलेल्या बोंडातून कापूस ओढायला तीन बोटं एकत्र यावी लागतात. या काकूंची नेमकी तीच बोटं जुळत नाहीत.

"सकायी उठलं का मूठच वयत नाई. वेणी पोरीकून घालून घ्या लागते. दहा वाजले का मंग जरा मोकये होते हात."

गावानं निदान केव्हाच करून टाकलंय: चिकनगुन्या. २००६ ची साथ विदर्भानं सोसली, तेव्हापासून कुणाचाही सांधा धरला की तिच्याच खात्यात जमा. पण हे हात जवळून बघा. मुठीचे आणि बोटांच्या मधले सांधे दोन्हीकडे सारखेच सुजलेत, टोकाचे मात्र सुटलेत. सकाळचा ताठरपणा तासाच्या वर टिकतो. रक्तात अँटी-सीसीपी, म्हणजे या रोगाची खूण असलेली प्रतिपिंडं, सापडली. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होणारा.

यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. ती का बिथरते, याचं एक उत्तर अनुवंशात आहे, एक तंबाखूच्या धुरात, आणि एक बहुधा पोटात. प्रतिकारशक्तीच्या पेशींचा सगळ्यात मोठा जमाव आतड्याच्या भिंतीलगत असतो. समोरून येणारं अन्न कुठलं, जंतू कुठला, हे ओळखायचं शिक्षण त्यांना तिथंच मिळतं. आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यांनी भिंत धड राहते आणि भडकू पाहणाऱ्या पेशींना आवर बसतो.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नुकताच आमवात झालेल्या, अजून औषध सुरू न केलेल्या रुग्णांची विष्ठा तपासली. चारातल्या तिघांत प्रेव्होटेला कोप्री नावाचा जिवाणू निघाला; निरोगी माणसांत पाचातल्या एखाद्यात. सापडला चोर, असं वाटावं.

आता हे ताट बघा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा. असं धान्य-डाळीचं खाणाऱ्यांच्या पोटात प्रेव्होटेला मुळातच भरपूर असतो, आणि त्या सगळ्यांचे सांधे काही सुजत नाहीत. एकाच नावाखाली त्याचे कितीतरी वाण आहेत, आणि रोगानं पोट बदललं की पोटानं रोग आणला, हेही अजून सुटलेलं नाही. म्हणून 'हा जिवाणू मारा, वात पळवा' असं सांगणाऱ्या मोबाईलवरच्या वैद्यांवर आमचा तरी विश्वास नाही.

भाकरीचं मोल त्यानं कमी होत नाही. सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा आटला, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून आंबील करणारी घरंही मोजकीच उरली. चोथा कमी झाला की पोटातल्या त्या कारागिरांचा कच्चा माल कमी होतो. चौरस खाण्यानं दुखणं थोडं हलकं झाल्याचं काही अभ्यासांत दिसतं. पण सांध्याची झीज थांबवायला औषधच लागतं.

गंमत म्हणजे त्यातलं एक औषध चालतं जिवाणूंच्याच जिवावर. सल्फासालाझिन. स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ यांनी ते आमवातासाठीच बनवून घेतलं, तेव्हा या रोगामागे जंतूसंसर्ग असावा असा समज होता. ही गोळी मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू तिचे दोन तुकडे करतात. त्यातला एक रक्तात उतरतो.

काकूंनी मात्र आधी बाजारातल्या पुड्या खाल्ल्या. दोन दिवसांत आराम, महिनाभरात चेहरा सुजलेला. बिननावाच्या अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. पडतं ते भारी: साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आता मेथोट्रेक्सेट सुरू आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून लेकीनं पाकिटावर ठळक 'सोमवार' लिहून ठेवलाय. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. मधूनमधून रक्त तपासून यकृत आणि पांढऱ्या पेशी बघायच्या. डॉक्टरांनी तोंडही उघडायला लावलं, कारण हिरड्यांच्या जुन्या आजाराचा या रोगाशी संबंध आढळलाय. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं चघळणं, बंद करा म्हणाले.

"गोयी घेईन," काकू म्हणतात, "खर्र्याचं पाहू."